कपाट जुने, हात नवा

पुण्याच्या पेठांमधला एखादा वाडा पाडायला काढला की सगळ्यात आधी बाहेर येते ते लाकूड. खांब, तुळया, जिन्याच्या पायऱ्या, खिडक्यांच्या चौकटी आणि स्वयंपाकघराच्या भिंतीतले फडताळ. त्या फडताळाच्या दाराचा एखादा टवका उडालेला असला, तर तिथे जरा वाकून पाहावे. सर्वात वर आकाशी ऑइलपेंट. त्याखाली हिरवा, बहुधा कधीतरी खिडक्यांना देऊन उरलेला. त्याखाली अस्तराचा पांढुरका थर. त्याच्याही खाली अजून चमक धरून असलेला तपकिरी, पातळ पापुद्रा, आणि मग सागाचे सोनेरी लाकूड. नखाएवढ्या जागेत त्या घराच्या तीन-चार पिढ्यांनी काय केले ते दिसते.

यातला जवळजवळ प्रत्येक थर घरच्या माणसांनी, नाहीतर एका दिवसाच्या मजुरीवर बोलावलेल्या पॉलिशवाल्याने किंवा रंगाऱ्याने चढवलेला असतो. मराठी घरात कपाट बदलण्याची रीत नव्हती, त्याला हात देण्याची होती. ही रीत काटकसरीतून आली हे खरे. पण केवळ काटकसरीने ती इतकी वर्षे टिकली नसती. लाकडावरचे लेपच असे होते, की ते घरी उतरवता येत आणि घरीच पुन्हा चढवता येत. पुढे लेप बदलले आणि त्यांच्याबरोबर ही रीतही गेली.

फडताळ म्हणजे जाड भिंतीत सोडलेला खण. आत दोन-तीन फळ्या, पुढे दोन झडपा आणि कडी-कोयंडा. लोणच्याच्या बरण्या, मेतकुटाचा डबा, तूप, गूळ असे झाकून ठेवायचे सगळे त्यात जाई. बाकीचा संसार उघड्यावर असे. भांडी मांडणीवर, धान्य उतरंडीत, दूध-लोणी शिंक्यावर. जाळीचे कपाट पुढे आले. हवा खेळावी आणि मांजराचे तोंड बाहेर राहावे म्हणून त्याच्या दारांना बारीक जाळी, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पायांखाली पाण्याने भरलेल्या वाट्या. त्या वाट्यांमुळे या कपाटांचे पाय खालून कुजत. जुन्या बाजारात अशी कपाटे अजून दिसतात आणि त्यांतल्या कितीतरींचे पाय कापून आखूड केलेले असतात.

लाकडाला सगळ्यात जाच स्वयंपाकघराचा. चुलीचा धूर, फोडणीचा चिकटा, वाफ आणि ओले हात. त्यावरचा जुना उपाय तेलाचा. जवसाचे तेल हवा लागली की हळूहळू घट्ट होते आणि लाकडाच्या रंध्रांत मुरून बसते. शेंगदाण्याचे किंवा एरंडाचे तेल असे वाळत नाही, ते चिकट राहून धूळ धरते. म्हणून खाण्याचे तेल घरात मुबलक असले तरी दारांना जवसाचेच तेल लावत. विदर्भात जवसाचे पीक मोठे, तेव्हा ते मिळायलाही अवघड नव्हते. उकळून पक्के केलेले तेल दुकानात बेलतेल म्हणून मिळे. कोकणात होड्यांना लावायचे उंडीचे तेल आणि काजूच्या टरफलाचे तेलही घरच्या लाकडाला चाले. तेलाचा हात देण्यासाठी कारागीर लागत नाही. फडके, ऊन आणि थोडा धीर, एवढ्यावर भागते.

लाकूड बहुतेक सागाचे. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या आलापल्लीच्या सागाचे नाव आजही घेतले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत समुद्रमार्गे ब्रह्मदेशी साग येऊ लागला, आणि त्या सागाच्या मागे एका राज्याचा अंत आहे. १८६३ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने ब्रह्मदेशाच्या जंगलांत सागाचे मक्ते घेतले होते. कंपनी सांगते त्यापेक्षा जास्त ओंडके नेते, असा आरोप ठेवून मंडालेच्या दरबाराने तिला जबर दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त मिळाले आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये तिसरे इंग्रज-ब्रह्मी युद्ध झाले. राजा थिबा पदच्युत होऊन १८८६ साली रत्नागिरीला आला आणि १९१६ साली तिथेच वारला. त्याच्यासाठी १९१० साली पुरा झालेला राजवाडा रत्नागिरीत उभा आहे. मुंबईच्या घरांमधली ब्रह्मदेशी सागाची दारे आणि रत्नागिरीचा थिबा राजवाडा ही एकाच व्यापाराची दोन टोके आहेत.

टवक्याखाली दिसणारा तो तपकिरी पापुद्रा म्हणजे लाख.

पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक किडा बसतो, रस शोषतो आणि अंगाभोवती राळेचे कवच करतो. झारखंड, छत्तीसगड हा लाखेचा मुख्य मुलूख. आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या पळसावरही ती येते. फांदीवरून खरवडलेली कच्ची लाख कुटायची आणि पाण्यात धुऊन तिच्यातला लाल रंग काढून टाकायचा. राहिलेले दाणे वाळवून लांबच लांब कापडी पिशवीत भरायचे. ती पिशवी कोळशाच्या भट्टीसमोर धरून पिळत नेली की कापडातून वितळलेली लाख पाझरते. मग कारागीर त्या गरम लाखेचा गोळा हातांनी, पायांनी आणि दातांनीसुद्धा धरून ताणतो. तिचा पारदर्शक, केशरी पत्रा होतो. थंड झाल्यावर तो मोडला की झाली चपडी. हात, पाय आणि दात एकाच वेळी भट्टीसमोर लावून केलेल्या या कामाची आठवण चकचकीत कपाटाकडे पाहताना कोणाला होत नाही. ती व्हायला हवी.

लाकडाला लाख लावणे आपल्याकडे फार जुने. अकबराच्या काळातल्या ‘आईन-इ-अकबरी’त दारांना आणि पडद्यांना लाखेचे रोगण देण्याची माहिती आहे. १५८३ साली गोव्यात आलेला डच प्रवासी लिन्शोटेन याने आपल्या १५९६ च्या प्रवासग्रंथात पलंग, खुर्च्या अशा घरसामानावर रंगीत लाख चढवण्याचे वर्णन केले आहे. हे काम चरकावरचे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांची लाकडी खेळणी आणि रंगीत पाट याच परंपरेतले. पण चरकावर फिरेल तेवढ्याच वस्तूला अशी लाख चढते. कपाटाचे सपाट दार काही चरकावर फिरत नाही.

त्यासाठी लाख विरघळवावी लागते. ती पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या फर्निचर करणाऱ्यांनी स्पिरिटमधली पातळ लाख बोळ्याने थरावर थर घासून चढवण्याची पद्धत रूढ केली. १८२० च्या सुमारास ती इंग्लंडात पोहोचली आणि तिथून साहेबाच्या टेबल-खुर्च्यांबरोबर मुंबईत आली. लाख इथली, पद्धत तिथली, नाव फ्रेंच पॉलिश. लाखेला जगभर एवढी मागणी झाली, की १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था निघाली. त्या काळातल्या ग्रामोफोनच्या तबकड्यांतही लाखच असे. दिवाणखान्यात बालगंधर्वांचे पद ज्या तबकडीवर वाजत होते ती आणि शेजारच्या कपाटाची चमक, दोन्ही पळसा-कुसुमाच्या झाडावरून आलेल्या.

पॉलिशवाल्याचे काम जवळून पाहण्यासारखे असते. तो आधी लाकूड रेषेच्या दिशेने पॉलिश पेपरने घासतो; आडवे घासले तर ओरखडे पॉलिशखाली दुप्पट उठून दिसतात. मग खडूची पूड आणि पिवळी माती किंवा गेरू कालवून रंध्रे भरतो, पुसतो, पुन्हा घासतो. सरकारी बांधकामाच्या नियमांत लिटरभर स्पिरिटला १४० ग्रॅम लाख असे प्रमाण दिलेले आहे; पॉलिशवाला तेच अंदाजाने साधतो. आदल्या रात्री बाटलीत भिजत घातलेली चपडी सकाळपर्यंत विरघळते. लोकरीच्या किंवा कापसाच्या बोळ्यावर जुन्या धुवट धोतराचे मऊ कापड गुंडाळायचे आणि पॉलिश आतल्या बोळ्याला पाजायचे, वरच्या कापडाला नाही. बोळा गोल गोल, मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरतो. तो चिकटू लागला तर कापडावर तेलाचा एक थेंब. दारावर बोळा मध्येच थांबवायचा नाही. थांबला की तिथली लाख उचलली जाते आणि डाग पडतो. एक हात काही मिनिटांत सुकतो, म्हणून एका दिवसात पाच-सहा हात होतात.

या पॉलिशची सगळ्यात मोठी खुबी चमकेत नाही. स्पिरिटमधल्या लाखेचा नवा हात जुन्या हातात विरघळून एकजीव होतो. तीस वर्षांपूर्वीचे पॉलिश खरवडून काढावे लागत नाही. मळ पुसायचा, हलके घासायचे आणि वरून दोन हात द्यायचे. चर पडलेली, उडालेली जागा तेवढीच भरून काढता येते. चपडी पाव किलोने मिळे, स्पिरिट बाटलीने, बोळा घरच्या चिंध्यांचा. नोकरदार माणूस दिवाळीआधीच्या रविवारी मुलांना हाताशी घेऊन हे काम उरकू शकत असे. दिवाळीआधीच का, तर पावसाळ्याच्या दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते. दसऱ्यानंतर हवा कोरडी होते, तेव्हा हात स्वच्छ बसतो.

स्पिरिटमुळे एक काळी बाजूही या धंद्याला चिकटली. दारूबंदीच्या काळात काही लोक पॉलिश गाळून पीत आणि जिवाला मुकत, कारण त्यातले स्पिरिट मुद्दाम विषारी केलेले असते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या व्याख्यांत लॅकर, व्हार्निश आणि फ्रेंच पॉलिश यांची नावे आली ती यामुळेच. सुताराच्या पेटीतली बाटली अशी कायद्याच्या नजरेखाली आली.

स्वयंपाकघरात मात्र लाखेचे काही उणे होते, हेही सांगितले पाहिजे. गरम पातेले टेकले की पांढरे वर्तुळ उमटते. पाणी साचून राहिले तरी तेच. आणि चिकटा काढायला धुण्याचा सोडा वापरला तर सोड्याने लाखच सुटते. माजघरातल्या कपाटाला पॉलिश शोभे, चुलीजवळच्या फडताळाला ते दोन-तीन वर्षेही पुरत नसे. म्हणून तिथे ऑइलपेंट आला.

तो आला तेव्हा रंगाच्या धंद्यावर विलायती कंपन्यांचा वरचष्मा होता. दुसऱ्या महायुद्धात आयात अडली. १९४२ साली, ज्या वर्षी गवालिया टँकवर ‘चले जाव’ची घोषणा झाली त्याच वर्षी, गिरगावातल्या गायवाडीत एका गॅरेजमध्ये चंपकलाल चोकसी, चिमणलाल चोकसी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील या चौघांनी एशियन पेंट्स सुरू केली. शहरातले बडे विक्रेते नव्या कंपनीला दारात उभे करीनात, तेव्हा तिने गावोगावच्या लहान दुकानांची वाट धरली आणि रंग लहान डब्यांतून विकायला घेतला. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवायला शेतकऱ्याला मोठा डबा नको असतो, वाटीभर रंग लागतो. ही लहान डबी जशी शिंगांना तशीच कपाटाच्या दोन झडपांनाही बेताची. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी या कंपनीसाठी गट्टू काढला. कपाळावर केसांची झुलपे, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात रंगाचा डबा. रंगाऱ्याऐवजी घरातल्या पोराच्या हाती ब्रश देणारे ते चित्र पुढे जवळपास पन्नास वर्षे दुकानांच्या पाट्यांवर राहिले.

मग घरोघरी तो क्रम ठरून गेला. सोड्याच्या गरम पाण्याने चिकटा धुवायचा, भेगांना लांबी भरायची, पेपर मारायचा, अस्तराचा एक हात आणि रंगाचे दोन. लांबीसुद्धा घरची, खडूची पूड बेलतेलात मळून केलेली. वाऱ्याने धूळ चिकटू नये म्हणून रात्री दारे-खिडक्या लावून रंग द्यायचा आणि घरभर टर्पेंटाइनचा वास घेऊन झोपायचे. खालचे लाकूड झाकले गेले याची हळहळ आज वाटते, पण त्या घरातल्या बाईला ओल्या फडक्याने पुसता येणारे कपाट पहिल्यांदा मिळाले होते.

या रंगात एक धोका होता, तो तेव्हा कोणाला फारसा ठाऊक नव्हता. पांढऱ्या अस्तरात वापरला जाणारा सफेता म्हणजे शिशाचे संयुग. कितीतरी रंगांमध्येही शिसे असे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंतच हवे, असा नियम भारतात २०१६ साली झाला आणि पुढच्या वर्षी अमलात आला. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर त्याची विषारी धूळ घरभर पसरते, आणि लहान मुलांना तिची बाधा सर्वात जास्त होते.

दरम्यान स्वयंपाकघर जमिनीवरून उठले. १९५० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत बर्मा शेलने सिलिंडरमधला गॅस आणला, आणि जिथे गॅस पोहोचला तिथे उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा झाला. ओट्याखालची रिकामी जागा कपाटे मागू लागली. १९५९ साली फेव्हिकॉल आला. त्याआधी सुताराला सरस गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून पातळ करावा लागे. आता डबा उघडला की काम सुरू. प्लायवूड स्वस्त झाले आणि त्यावर डकवायला सनमायका आला. लॅमिनेटचा हा शोध जुना, १९१२ साली अमेरिकेत लागलेला. डॅनियल ओ’कॉनर आणि हर्बर्ट फेबर हे विजेच्या उपकरणांत अभ्रकाऐवजी चालेल असा पदार्थ शोधत होते. अभ्रकाला इंग्रजीत मायका म्हणतात, त्यावरून त्यांच्या कंपनीचे नाव फॉर्मायका पडले. रेझिनमध्ये भिजवलेले कागद उष्णतेने आणि दाबाने एकमेकांत घट्ट बसवायचे, वर रंगीत कागद, त्यावर मेलामाइनचा थर. पाणी, सोडा, गरम पातेले, कशालाच तो दाद देत नाही.

पण तो दुरुस्तीलाही दाद देत नाही. लाखेसारखा तो स्पिरिटने विरघळत नाही, लाकडासारखा घासून खालचा चांगला थर वर काढता येत नाही. घासला की कागद दिसतो. कडेतून पाणी शिरले तर प्लाय फुगतो आणि दार बिजागरीतून सुटते. सोयीचे आणि टिकाऊ म्हणून जे घेतले, ते बिघडल्यावर टाकून देण्यावाचून इलाज राहिला नाही. स्वयंपाकघर पंधरा-वीस वर्षांनी उखडून नवे करायचे असते, ही समजूत लॅमिनेटबरोबर आली. मराठी मध्यमवर्गाचा यात पुष्कळ पैसा गेला, आणि त्याहून वाईट म्हणजे सागाची भक्कम दारे भंगाराच्या भावाने गेली. तीच दारे जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात किंवा पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये घासूनपुसून उभी राहतात आणि जुने सागवान म्हणून चांगल्या किमतीला विकली जातात.

ज्यांच्या घरात असे कपाट अजून आहे, त्यांच्यासाठी हा इतिहास कामाचा आहे, कारण वरचा लेप ओळखला की पुढचे काम ठरते. दाराच्या आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा मिनिटभर टेकवावा. जागा चिकट होऊन तपकिरी रंग बोळ्याला आला तर लाख आहे. ती खरवडू नये, पुसून वरून नवे हात द्यावेत. काहीच झाले नाही तर ऑइलपेंट, व्हार्निश किंवा मेलामाइन आहे. रंग जुना असेल तर तो वॉटर पेपरने ओला ठेवूनच घासावा, धूळ ओल्या फडक्याने टिपावी, मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवावे. खालून साग निघाला तर बेलतेल पुरे. तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून पसरून वाळवावीत. स्पिरिटचे काम चालू असताना गॅस बंद आणि खिडक्या उघड्या. लॅमिनेटचे दार असेल तर वरची चकाकी बारीक पेपरने मारून, त्याला धरेल असा प्रायमर लावून वरून रंग देता येतो. तो लाखेइतका एकजीव होत नाही, पण धडधाकट कपाट टाकून देण्यापेक्षा बरा.

आणि नवे स्वयंपाकघर करून घेणाऱ्यांनी सुताराला पैसे मोजण्याआधी एवढे विचारावे, की ही दारे वीस वर्षांनी घरच्या घरी घासून पुन्हा रंगवता येतील का. उत्तर ‘नाही’ असेल तर सांगाडा खुशाल प्लायचा ठेवावा, पण दारे तरी लाकडाची करून घ्यावीत.